उपाशी नळी

सोलापूरच्या एका कॉलेजात, चौऱ्याहत्तर सालच्या खंडेनवमीला दुपारी दोन वाजता, अंधाऱ्या प्रयोगशाळेत दोन काचनळ्यांपैकी एकीनंच चमकायला हवं होतं. दोन्ही चमकल्या.

जोतीराम मोडनिंबचा. पाच वर्षं या कॉलेजात हंगामी डेमॉन्स्ट्रेटर. दर जूनला नेमणूक, दर एप्रिलला नारळ. आज विद्यापीठाच्या दाक्षायणीबाई काम बघून त्याला कायम करायचं की नाही, ते लिहिणार होत्या. काम त्याचं, पण विद्यापीठाला गेलेल्या पत्रावर नाव विभागप्रमुख रावजी सरांचं. सरांनी या प्रयोगात एकदाच भाग घेतला होता. खुर्चीवर बसल्या बसल्या विचारलं होतं, "वास कसला येतोय?"

वास दारुहळद नावाच्या झुडपाच्या लाकडांचा होता. जोतीराम आणि शिपाई गुरप्पा ती लाकडं महिनाभर उकळत होते. दोघांची बोटं कायमची पिवळी झाली होती. उकळता उकळता गुरप्पा विचारायचा,

"सायेब, ही मुंबईची पांढरी पावडर कशाची म्हणायची?"

"आर.एन.ए. म्हणत्यात. यीस्टमधनं काढलाय. तुझ्या माझ्या अंगात बी हाय. लांब धागा असतोय, सोताभोवतीच दुमडून पीळ घालून बसतोय. तापवलं की उकलतोय."

"आन दारुहळद काय करती?"

"तिचा कण चपटा. पिळाच्या फटीत शिरतोय. मग धागा लवकर उकलत न्हाय."

गुरप्पानं विचार केला. "म्हंजी कुऱ्हाडीच्या दांड्याला पाचर मारत्यात तसं की."

"तसंच. आन पाचर बसली की जांभळ्या दिव्याखाली चमकती. पाण्यात मोकळी हिंडली तर नुसती मिणमिणती."

सरांना हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण सरांनी विचारलं नव्हतं.

म्हणून दोन नळ्या. दोन्हींत दारुहळदीचं पाणी, पावडर फक्त एकीत. एक चमकणार, दुसरी मिणमिणणार. खिडक्यांना चादरी बांधून अंधार केला, दोन्ही नळ्या हलवल्या, जांभळा दिवा लावला, आणि दोन्ही झगझगल्या.

"हे जोतीरामचं आहे हं, बाई," सर तत्काळ म्हणाले. "मी नुसती परवानगी दिली."

बाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्या नळीवर वाकल्या होत्या. "दुसरीत काय घातलंय?"

"काही नाही, बाई. दारुहळद आणि पाणी."

"मग हिच्यात दारुहळद बसली कशात?"

कोपऱ्यात गुरप्पा खाकरला.

"बाईसायेब, आज खंडेनवमी. सकाळी समद्या हत्यारांची पूजा केली. तराजू, दिवे, कुलूप. सायबांनी एका नळीला पावडर घातली, बोळा लावला. दुसरी उगडीच, उपाशी. सणाच्या दिवशी ते बरं दिसतंय व्हय? मी आपली तिला चिमटीभर हळद वाहिली."

"मूर्खा," सर म्हणाले, "प्रयोगाचा सत्यानाश केलास."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उत्सुकता होती. "जोतीराम, आता कसं ओळखायचं, कुठली चमक खरी?"

जोतीरामच्या डोक्यातली नोकरी त्या प्रश्नानं बाजूला सरली. "पूजेची हळद दिव्याखाली आपली आपणच चमकते, बाई, पण पाण्यात विरघळत नाही. थोडं थांबू."

थांबले. उपाशी नळीतली हळद सावकाश खाली बसली. चमक तळाला गेली, वरचं पाणी मिणमिणतं राहिलं. पहिली नळी मात्र वरपासून खालपर्यंत तशीच. मग जोतीरामनं ती गरम पाण्यात धरली आणि थर्मामीटर वाचत गेला. चमक बराच वेळ तग धरून राहिली. पाचर नसताना धागा याच्या कितीतरी आधी उकलतो, ते आकडे त्यानं वहीत दाखवले. शेवटी चमक विझत गेली. नळी गार पाण्यात धरली, तशी हळूहळू परत आली.

"परत दुमडला गडी," गुरप्पा पुटपुटला.

बाईंनी स्वतःच्या हातानं दोनदा तसंच करून बघितलं. लहान पोर खेळणं सोडत नाही, तशा त्या नळी सोडेनात.

"माझ्या मार्गदर्शनाखाली," सरांनी घसा साफ केला, "आमच्या विभागानं गेली तीन वर्षं..."

"हात बघू तुमचा," बाई म्हणाल्या.

"हात?"

"सगळ्यांचेच. दिव्याखाली धरा."

जोतीरामची दहाही बोटं पिवळी उजळली. गुरप्पाची तर मनगटापर्यंत. रावजी सरांचे गुबगुबीत पंजे काळेकुट्ट राहिले. खिडकीवरची चादर काढायच्या निमित्तानं सर वळले, आणि त्यांच्या पांढऱ्या पँटच्या मागच्या बाजूला, बरोबर बैठकीच्या जागी, हळदीच्या बोटांचे पाच पट्टे लखलखले.

बाईंनी बॅटरीच्या उजेडात कागदावर 'कायम करावे' लिहिलं आणि सही केली. मग गुरप्पाकडं वळून हळूच विचारलं, "खुर्चीची पण पूजा केलीस का रे?"

"व्हय की, बाईसायेब," गुरप्पा म्हणाला. "ज्येचं जे हत्यार."