आतलं सगळं भिंतीवर

बालवर्गाच्या प्रवेश-अर्जात सतरावा रकाना असा होता: ‘पालकास होलोग्राफिक द्वैत येते काय?’ पुढे खूण करायला दोन चौकोन होते. एकावर ‘होय’ लिहिलं होतं, दुसऱ्यावरही ‘होय’.

भिंगरीच्या आईचं पेन तिथेच अडलं. भिंगरी साडेतीन वर्षांची. तिला अजून डावा-उजवा बूट कळत नव्हता. आणि पंचक्रोशीत धड शाळा एवढी एकच.

“अगं, कर ना खूण,” नवरा म्हणाला.

“पण मला येत नाही.”

“मग कोणाला येतंय?”

थोरल्या जाऊबाईंनी मात्र धीर दिला. “आमच्या वेळी क्वांटम होतं. दोन शनिवारांत उरकलं. तू फक्त पुढच्या रांगेत बसू नकोस.”

पालकांचा ‘प्राथमिक द्वैत वर्ग’ शाळेतच भरायचा. बालवर्गाच्या बुटक्या खुर्च्यांवर चाळीस पालक गुडघे हनुवटीला लावून बसले होते. मार्गदर्शक गेल्या वर्षी स्मरणशक्ती शिकवत, त्याआधी सुंदर हस्ताक्षर. कोपऱ्यात एक कारकून मानडोल-नोंदवही घेऊन बसला होता. परीक्षा नव्हती. एका तासात पन्नास वेळा मान डोलली की पालक उत्तीर्ण.

“खोलीच्या आत जे जे आहे,” मार्गदर्शकांनी भिंतीवर थाप मारली, “त्याची सगळी माहिती या भिंतीवर असते. म्हणजे आत बघायची गरजच नाही!”

एकोणचाळीस माना डोलल्या. कारकुनाने एकोणचाळीस रेघा ओढल्या.

भिंगरीच्या आईची चूक अशी की तिने अभ्यास केला होता. वाचनालयातून नवशिक्यांसाठीचं पुस्तक आणून, भिंगरी झोपली की ती दोन-दोन पानं वाचायची; दीड पान डोक्यावरून जायचं, अर्धं राहायचं. त्या अर्ध्याच्या जोरावर तिने हात वर केला.

“सर, पुस्तकात म्हटलंय की आतल्या जगात गुरुत्वाकर्षण असतं, कडेच्या, म्हणजे भिंतीवरच्या, जगात नसतं, तरी दोन्ही वर्णनं एकाच गोष्टीची. एकीकडे न सुटणारं गणित दुसरीकडे सोपं होतं, म्हणून त्याचा उपयोग. आणि हे नीट जमलंय ते एका वेगळ्याच घडणीच्या विश्वात. आपलं विश्व तसं नाही.”

वर्गात कोणाची तरी खुर्ची करकरली.

“शिवाय सगळं म्हणजे सगळं, सर. आतलं काहीही गाळून चालत नाही. निवडक लिहिलं तर ते द्वैत नव्हे, जाहिरात झाली.”

“बाईंची मान हललेली नाही,” कारकुनाने जाहीर केलं.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. ‘आपण विषय समजून घेण्याचा प्रयत्न केल्याचे निदर्शनास आले आहे. सबब आपल्या पाल्याचा प्रवेश का रोखू नये, याचा लेखी खुलासा करावा.’

“झालं समाधान?” नवऱ्याने विचारलं. “पोरगी बसेल घरी.”

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, “मान हलवायला काय जातं गं? जन्मभर आम्ही दुसरं काय केलं?”

तिने खुलासा लिहिला: ‘मला या विषयातले काहीही समजलेले नाही व यापुढेही समजणार नाही, अशी हमी देते.’ मुख्याध्यापिकाबाई प्रसन्न झाल्या. एवढी स्पष्ट जाण आजवर एकाही पालकाने दाखवली नव्हती. प्रमाणपत्रावर ‘विशेष प्रावीण्य’ असा शिक्का बसला, प्रवेशही झाला.

शाळा उघडली तेव्हा वर्गाच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या होत्या. बाहेरच्या भिंतीवर प्रत्येक मुलाची पाटी. पालकांनी ती वाचावी आणि घरी जावं; आत डोकावणं म्हणजे शास्त्रावर अविश्वास.

चौथ्या दिवशी अर्ध्या रस्त्यात भिंगरीच्या आईच्या लक्षात आलं, डबा आपल्याच पिशवीत राहिलाय. ती धापा टाकत परत आली. भिंतीवर लिहिलं होतं: ‘भिंगरी. आनंदी. डबा संपवला.’

डबा तिच्या हातात होता. उकडलेलं अंडं अजून कोमट होतं.

तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं. हुंदका, मग श्वास अडकून शांतता, मग पुन्हा हुंदका. असं रडणारं मूल जगात एकच होतं.

“अहो, माझी मुलगी रडतेय! उपाशी आहे ती. एवढा डबा तरी आत द्या!”

“बाई, पाटी वाचा,” पहारेकरी म्हणाला. “डबा संपलाय. संपलेला डबा आत कसा नेऊ?”

“पण आवाज येतोय ना!”

“तो आतला. आतल्याची आम्ही नोंद घेत नाही.” मग त्याने आवाज खाली आणला. “विशेष प्रावीण्यवाल्या ना तुम्ही? तुम्हीच असं करायला लागलात तर पोरीचं नाव राहील का पटावर?”

फाटकापाशी इतर पालक आपापल्या पाट्यांचे फोटो काढत होते. काहींनी वळून पाहिलं. कारकूनही वही घेऊन पुढे आला आणि पेन्सिल टेकवून थांबला.

भिंगरीच्या आईने मान डोलवली.

मग समोरच्या बाकावर बसून तिने डबा उघडला. अंडं खाल्लं, सफरचंदाच्या फोडी खाल्ल्या, तळाशी राहिलेला बलकाचा चुराही बोटाने टिपला. आता पाटीवरचं अक्षर न् अक्षर खरं होतं. भिंतीपलीकडचा आवाज हळूहळू दमत गेला.

कारकुनाने रेघ ओढली, पान उलटलं. पुढचं पान ही गोष्ट वाचणाऱ्यांचं होतं. पहिल्याच वाक्यात ‘होलोग्राफिक द्वैत’ वाचून, अर्थ न विचारता, तुम्ही पुढे सरकलात. मान डोलवल्याची ती तुमची रेघ त्यावर आधीच होती.