एका सज्जनाने सांभाळून वापरलेली गाडी

आर्नी कोस्किनेनने सीमेपलीकडून स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावरून धावणारी गाडी, आणायचं ठरवलं, त्याला कारण चीज.

पाइन बे गावातली निम्मी माणसं महिन्यातून एकदा नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या देशात, मिनेसोटात जातात आणि तिथलं स्वस्त चीज, कोंबडी नि टाकीभर पेट्रोल घेऊन परत येतात. उरलेली निम्मी महिन्यातून दोनदा जातात. आर्नीही जानेवारीत असाच चीज आणायला गेला होता. तिथल्या दुकानाच्या फळ्यावर एक कागद चिकटवलेला होता. ‘स्नोमोबाईल विकणे आहे. पिवळा रंग. एका सज्जन, वयस्क गृहस्थाने जिवापाड सांभाळून वापरलेली.’ खाली किंमत होती. ती वाचून आर्नीने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

“असे सज्जन आता राहिले नाहीत,” तो स्वतःशीच म्हणाला. (हे वाक्य लक्षात असू द्या. आर्नीला ते पुढे विसरावंसं वाटणार आहे.)

गाडीची गरज खरीच होती. त्याची बायको लेम्पी हिवाळाभर खाडीपलीकडच्या मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये मासे साफ करून पाकिटात भरायचं काम करते. रस्त्याने गेलं तर पाऊण तास लागतो, गोठलेल्या खाडीवरून आठ मिनिटं. जुनी लाल गाडी होती तोवर आठ मिनिटांवर भागत होतं. पण ती गाडी म्हातारपणी हट्टी झाली. डाव्या बाजूला, पाय ठेवायच्या पट्टीच्या चार बोटं वर, एक लाथ खाल्ल्याशिवाय ती सुरू होईना. लाथ किती जोरात आणि कशी तिरकी घालायची हे फक्त आर्नीला ठाऊक. गेल्या मार्चमध्ये लेम्पीने घाईघाईत सरळ लाथ घातली आणि पंधरा दिवस पाय बादलीत घालून बसली.

“या घरात एक तर ही गाडी राहील, नाहीतर मी,” ती म्हणाली. (आर्नीने उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला, तो वेळ भांडणात अजून निघतो.)

गाडी गेली. लेम्पीच्या धाकट्या भावाने, कालेवीने, ती सुट्या भागांसाठी तीनशे डॉलरला नेली.

या कालेवीचंच गावात स्नोमोबाईलचं दुकान. दुकान चांगलं, मालक त्याहून चांगला, फक्त गिऱ्हाईक नाही. लोक त्याच्या काउंटरला टेकून त्याची कॉफी पितात, कुठला पट्टा टिकतो, कुठलं इंजिन घ्यावं ते विचारून घेतात, आणि मग पूल ओलांडून खरेदी करतात. म्हणून लेम्पीने आर्नीला बजावून ठेवलं होतं.

“चीज आण, बूट आण, काय हवं ते तिकडून आण. पण गाडी कालेवीकडूनच घ्यायची. सख्ख्या बहिणीचा नवरा जर पलीकडे गेला, तर त्या पोराने कुणाच्या तोंडाकडे बघून दुकान उघडं ठेवायचं?”

आर्नीला हे पटत होतं. तीन वर्षांपूर्वी त्याचं अपेंडिक्स फुटायला आलं, तेव्हा वादळाने रस्ते बंद होते. कालेवीने त्याला ताडपत्रीत गुंडाळून, आपल्या गाडीमागच्या घसरगाडीला बांधून इस्पितळात पोचवलं होतं. अशा माणसाला फसवायचं म्हणजे जिवावर येतं. पण कालेवीकडची सगळ्यात स्वस्त नवी गाडी या पिवळ्या गाडीच्या चौपट होती, आणि आर्नी तेवीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनकाट्याचा कारकून होता. काटा कुठे झुकतो हे बघितल्याशिवाय त्याला राहवत नसे.

तेव्हा गुरुवारी सकाळी त्याने मोटारीला ट्रेलर जोडला आणि “उत्तरेच्या तळ्यावर मासे पकडायला चाललोय, शनिवारी येईन,” असं सांगून तो दक्षिणेला निघाला.

गाडी तीन-चार तासांत घेऊन परत येता आलं असतं. पण सीमेवरच्या माणसाला एक गोष्ट आईच्या दुधाबरोबर मिळते, ती ही की पलीकडे दोन रात्री काढल्या तर आणलेल्या सामानावर कर माफ होतो. किती सामानावर, हे आर्नीने कधी विचारलं नव्हतं. तो हायवेवरच्या एका मोटेलात दोन रात्री टीव्हीसमोर बसला, तिसऱ्यांदा तोच हवामानाचा अंदाज ऐकला, आणि आपण एका जागी बसून कर वाचवतोय या आनंदात दोन्ही दिवस दुपारचा स्टेक खाल्ला.

शनिवारी सकाळी तो गाडी बघायला गेला. विकणारा ब्रेंट नावाचा तरणाताठा माणूस होता. गाडी झकपक होती. नवा पिवळा रंग, नवी सीट, नवी काच.

“जरा चालू करून दाखवा,” आर्नी म्हणाला.

ब्रेंटने किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. ब्रेंटचे कान लाल झाले.

“थंडीत जरा रुसते ती,” तो म्हणाला. “खरं सांगू का काका, महिनाभर झाला, चालूच होत नाहीये. तुम्ही अर्धे द्या आणि घेऊन जा.”

आता इथे आर्नीने काय करायचं होतं? मान डोलवायची होती. पण हट्टी यंत्र समोर दिसलं की त्याचा उजवा पाय आपोआप उचलला जातो. त्याने पाय उचलला, पट्टीच्या चार बोटं वर तिरकी लाथ घातली, आणि गाडी फुरफुरत सुरू झाली.

ब्रेंट बघतच राहिला. मग म्हणाला, “चालतेय की. मग फळ्यावर लिहिलेली किंमतच बरोबर आहे.”

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण आर्नी आपल्या पायावर इतका खूश होता की त्याने पूर्ण पैसे मोजले. पायाला जे कळलं ते डोक्यापर्यंत पोचायला अजून चाळीस मैल जायचे होते.

वाटेत त्याला आठवलं की आपण मासे पकडायला आलो आहोत. मग एका दुकानातून त्याने काटे काढलेल्या माशांची चार पाकिटं घेतली, वरची चकचकीत खोकी कचऱ्यात टाकली आणि आतले गठ्ठे आपल्या बर्फाच्या डब्यात रचले. (तळ्यावरच साफ केले असं सांगायचं, हेही त्याने ठरवून टाकलं.)

सीमेवरच्या खिडकीत डोरीन होती. डोरीन लेम्पीच्याच कर्लिंगच्या संघात खेळते. दर मंगळवारी दोघी बर्फावर दगड सरकवतात आणि नवऱ्यांविषयी बोलतात.

“आर्नी? लेम्पी तर म्हणाली तू उत्तरेला गेलायस.”

“वळसा पडला जरा,” आर्नी म्हणाला. “एक स्नोमोबाईल आहे. चार मासे आहेत. आणि मी दोन रात्री राहिलोय, तेव्हा कराचा प्रश्न नाही.”

“ती माफी चीजला आणि बुटांना रे. गाडीला कसली?” डोरीनने बाहेर येऊन सांगाड्यावरचा नंबर टिपला आणि आत जाऊन संगणकात घातला. मग तिने तो पुन्हा एकदा ताडून पाहिला.

“कर नाही लागणार तुला,” ती म्हणाली.

“बघ, मी म्हटलं नव्हतं?”

“आपलीच वस्तू घरी परत आणली तर कर नसतो. ही गाडी तुझ्या नावावर आहे, आर्नी. एकोणीस वर्षांपासून. तेव्हा रंग लाल होता असं लिहिलंय.”

आर्नीने ट्रेलरकडे पाहिलं. मग आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. तो वयस्क सज्जन कोण ते आता त्याला कळलं.

“मी कुणाला सांगणार नाही,” डोरीन म्हणाली आणि खिडकी लावून घेतली. काचेआड तिचे खांदे हलत होते.

पुढच्या सगळ्या रस्त्यात आर्नीचं मन काट्याच्या दोन पारड्यांत झुलत राहिलं. आपण कालेवीला फसवलं याची लाज एका पारड्यात. कालेवीने तीनशेला नेलेली गाडी रंगवून पलीकडे विकली याचा राग दुसऱ्यात. रागवायला जावं तर आधी कबूल करावं लागणार होतं, आणि शिवाय आपलेच दात, आपलेच ओठ. घरी पोचल्यावर त्याने गाडी लाकडांच्या शेडमागे ताडपत्रीखाली ढकलली आणि मासे लेम्पीच्या हातात दिले.

“बरे मिळाले की,” लेम्पी म्हणाली. “जा, कालेवी सौनात बसलाय. मी तळते.”

शनिवार होता. शनिवारी कालेवी त्यांच्याकडेच सौनाला, म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीत वाफ घ्यायला, येतो. आणि लेम्पीच्या आईने त्या सगळ्यांना लहानपणापासून शिकवलं आहे की सौनात चर्चमध्ये वागावं तसं वागायचं. तिथे भांडायचं नाही, आणि खोटं तर मुळीच बोलायचं नाही. आर्नीने यापूर्वी हा नियम कधी मोडला नव्हता, कारण यापूर्वी त्याला कधी गरजच पडली नव्हती.

आत कालेवी वरच्या फळीवर डोकं धरून बसला होता. आर्नी खालच्या फळीवर टेकला.

“दाजी, मासे लागले का गळाला?”

चोराच्या मनात चांदणं. आर्नीने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ उठली. कालेवी उत्तराची वाट बघत होता. आर्नीने आणखी एक पळी ओतली, मग आणखी एक, आणि शेवटी कान भाजायला लागले तेव्हा तो बोलला.

“कालेवी, मी उत्तरेला नव्हतो गेलो. पलीकडे जाऊन गाडी घेतली. पिवळी.”

कालेवीने हळूच मान वर केली. “ब्रेंटकडून?”

“ब्रेंटकडून.”

कालेवीने डोक्यावरचे हात खाली घेतले.

“दाजी, तुमच्यापासून काय लपवायचं,” कालेवी म्हणाला. “सुटे भाग काढायला घेतली होती, पण खोलायला मन होईना. रंगवली, सीट घातली, तर चालली. इथे कोण घेणार? म्हणून पलीकडे विकली. तो कागदही मीच लिहून दिला होता, त्याने तोच लावलेला दिसतोय. अख्ख्या हिवाळ्यात माझी तेवढी एक गाडी विकली गेली, दाजी. आणि महिनाभर तो ब्रेंट रोज फोन करतोय, की चालत नाही, परत घे, पैसे दे. पैसे कुठले? दुकानाच्या भाड्यात गेले. सोमवारी येऊन गाडी दारात टाकतो म्हणाला होता. मी दुकानाला कुलूप लावायच्या विचारात होतो.”

“आता नाही येणार तो,” आर्नी म्हणाला.

“नाही येणार,” कालेवी म्हणाला, आणि त्या उघड्या, घामाने निथळणाऱ्या माणसाने खाली उतरून आर्नीला मिठी मारली. “आपल्या दोघांत दुसऱ्यांदा वाचलं कुणीतरी. मागच्या वेळी तुम्ही होतात, या वेळी मी.”

आर्नीला भरून आलं. (सौनात ते बरं असतं, कुणाला दिसत नाही.) तीन वर्षं उरावर असलेलं अपेंडिक्सचं ओझं उतरलं. चुकीच्या रस्त्याने का होईना, त्याने मेव्हण्याचं दुकान वाचवलं होतं. दोघं बाहेर बर्फात लोळले आणि खिदळत स्वयंपाकघरात आले. लेम्पीला सगळं सांगितलं तर तीही हसेल, असं आर्नीला खात्रीने वाटलं.

आणि सगळं ऐकून ती हसलीही. भावाच्या पाठीवरून हात फिरवला, आर्नीच्या केसांतला बर्फ झाडला. “असू दे. गाडी घरी आली, दुकान राहिलं,” ती म्हणाली. “आणि गाडीच्या नादात मासेही विसरला नाहीस.”

“ते कसा विसरेन?” आर्नी म्हणाला. सौनातून बाहेर आल्यामुळे तो नियम आता लागू नव्हता. “पलीकडच्या तळ्यावर पहाटे चारपासून बसलो होतो गळ टाकून. सगळ्यात मोठा तर सहज हाताला लागेना.”

लेम्पीने तळलेल्या माशांची ताटली पुढे ठेवली. तिच्या शेजारी चार ओलसर कागदाचे कपटे ओळीने मांडले. सोसायटीचा माल पलीकडच्या दुकानांतही जातो, आणि तिच्या प्रत्येक गठ्ठ्यात, अगदी आतल्या घडीत, भरणाऱ्या बाईचा नंबर घालायची पद्धत आहे. चारही कपट्यांवर सात लिहिलं होतं.

“सात नंबर कोण रे, कालेवी?”

“तू,” कालेवी म्हणाला आणि ताटलीत बघू लागला.

“गेल्या आठवड्यात भरलेत मी हे,” लेम्पी आर्नीला म्हणाली. “काटे काढताना तर मेलेलेच वाटले होते मला. तुला किती झुंज दिली त्यांनी?”