सूक्ष्मदर्शकात डोकावण्याचा ज्येष्ठताक्रम

विषाणू कितीही सूक्ष्म असला, तरी त्याला आधी विभागप्रमुखांनीच पाहायचं असतं, हा विज्ञानाचा पाया आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एक तात्पुरती संशोधिका होती. अ‍ॅडेनोविषाणू माणसाच्या कोणत्या पेशींत वाढतो हे तिने महिनाअखेरीपर्यंत दाखवलं, तरच तिची मुदत वाढणार होती. विषाणूची कार्यपद्धती आदर्श आहे. पेशीच्या दाराला चिकटावं, आत शिरावं, थेट केंद्रकात जाऊन आपली कागदपत्रं पुढे सरकवावीत, दीडेक दिवसात आपल्या हजारो प्रती काढून घ्याव्यात आणि जाताना पेशी फोडावी. (आमचे बदली झालेले अधिकारी निदान इमारत शाबूत ठेवतात.) टॉन्सिलमधल्या काही पेशी मात्र त्याला आत घेऊन वर्षानुवर्षं नुसतं बसवून ठेवतात. त्यांना कार्यालयीन कामाचा अनुभव असावा.

तिच्याकडचा विषाणू डोळे आणणाऱ्यांपैकी. घशाच्या पेशींत तो शिरे, पण वाढेना.

"सर, डोळ्याच्या पेशी मागवू या का?" तिने तीनदा विचारलं.

"त्यात तो वाढतो याला पुरावा काय?" सरांनी तीनदा विचारलं.

मग सर स्वतः पाहायला आले. त्यांनी पेशी वाढवायच्या बशीचं झाकण बोटाने पुसलं (हातमोजे कनिष्ठांसाठी असतात), त्याच बोटाने डोळा चोळला आणि तो सूक्ष्मदर्शकाला लावला. मागोमाग ज्येष्ठतेनुसार आम्ही सगळ्या कायम कर्मचाऱ्यांनी लावला. आठवड्याने सरांचे डोळे आले. दुसऱ्या दिवशी उपप्रमुखांचे, तिसऱ्या दिवशी मुख्य लिपिकांचे. (विज्ञानाशी संबंध नाही, पण वेतनश्रेणी वरची.) माझे माझ्या क्रमाच्या एक दिवस आधीच आले, तेव्हा मला लेखी खुलासा द्यावा लागला. संशोधिकेची डोकावायची पाळी आलीच नव्हती, त्यामुळे ती ठणठणीत.

"सर, पुरावा मिळाला," ती म्हणाली.

"कुठाय?"

"तुमच्या डोळ्यात. वर बघा. मिटू नका हं!"

तिने डोळ्यातून फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यावर विषाणू निघाला, आणि भरपूर निघाला. शोधनिबंधावर एकट्या सरांचं नाव लागलं, कारण पेशी त्यांच्या होत्या. बोळा पुरवल्याबद्दल तळटीपेत 'एका सहायिकेचे' आभार आहेत. निबंधात नाव नाही म्हणजे काम नाही, असं ठरून तिची मुदत संपली. मला फार वाईट वाटलं, पण माझेही डोळे सुजले होते.

ही हकिगत मी आतापर्यंत चाळीस जणांना सांगितली. ती संशोधिका आता कुठे आहे, हे एकानेही विचारलेलं नाही. तुम्हालाही सरांचे डोळे बरे झाले का, हेच विचारायचं होतं ना? झाले.