चढ नको, उतार नको

रविवारी सकाळी दंतवैद्यांच्या दवाखान्यात, पेशंटनी वाट बघत बसायच्या खुर्च्यांवर पाच माणसं बसली होती. एकाचाही दात दुखत नव्हता, तरी तोंडं मात्र दाढ उपटून घेतल्यासारखी होती. भिंतीवर भलामोठा नकाशा लावला होता. त्याच्या डाव्या काठाला एक समुद्र, उजव्या काठाला दुसरा, आणि मधे भांडायला मुबलक जागा.

झालं होतं असं, की बायकोच्या पन्नाशीला काय द्यावं, असं डॉक्टरांनी तिलाच विचारलं. माणसानं अशी चूक करू नये. बाईंचं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांना "खालची ओळ वाचता येते का?" असं विचारून विचारून त्या कंटाळल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सायकलवर या समुद्रावरून त्या समुद्रावर जायचं. आणि घरचे सगळे बरोबर हवेत. आपल्या घरातली माणसं एकदा तरी एकाच दिशेला जाताना बघायची आहेत मला."

डॉक्टर हो म्हणाले. मग घरच्यांकडे बघितलं आणि त्यांना घाम फुटला.

बाईंचा भाऊ, म्हणजे डॉक्टरांचा मेव्हणा, लिफ्टची तपासणी करायचा. जन्मात कधी जिना चढला नव्हता. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यानं जाहीर केलं, "भावोजी, माझा गुडघा आधीच सांगून ठेवतो. चढ आला की मी संपलो."

डॉक्टरांची बहीण रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायची, म्हणून घरात तिचं नावच 'घोषणा' पडलं होतं. ती म्हणाली, "दादा, चढ कितीही घे. पण उतार नको. उतारावर माझे डोळे आपोआप मिटतात."

पाचवे शेजारचे कर्नल. हे गृहस्थ सैन्यात कधीच नव्हते. सगळा जन्म पोस्टात शिक्के मारण्यात गेला, पण मिशा कर्नलच्या होत्या. नकाशात टाचण्या टोचायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

"उत्तरेकडून डोंगर आहे," कर्नलनी टाचणी टोचली. "एका बाजूनं चढ, दुसऱ्या बाजूनं उतार."

"म्हणजे दोघंही बाद," डॉक्टर म्हणाले. "मधून कालव्याच्या काठानं जाऊ. पाणी सपाट असतं, तर काठही सपाटच असणार."

"कालव्यावर कुत्री असतात," कर्नल म्हणाले.

"कुत्र्यांना आपण आवडत नसू, पण ती नकाशात नसतात ना हो!"

"म्हणून तर धोका!"

दक्षिणेच्या हमरस्त्यावर वारा समोरून येतो, असं निघालं. "मग तिकडून इकडे येऊ, वारा पाठीवर घेऊन," असं बाई म्हणाल्या. त्यावर कर्नलनी विचार करून सांगितलं, की त्यासाठी आधी तिकडे जावं लागेल, आणि जाताना वारा समोरूनच असेल. तीन रविवार असे गेले. नकाशाची चाळण झाली, पण रस्ता काही ठरेना.

चौथ्या रविवारी डॉक्टरांना तोड सुचली. दोघांनी चालवायची जोडसायकल घ्यायची. पुढे मेव्हणा, मागे घोषणा. चढावर ती पाय मारेल, हा गुडघा सांभाळेल. उतारावर हा ब्रेक सांभाळेल, ती डोळे मिटेल. एकाचं वैगुण्य दुसऱ्याच्या गुणानं भरून निघेल! डॉक्टर स्वतःवर इतके खूश झाले, की एक गोष्ट विसरूनच गेले.

ती गोष्ट अशी, की मेव्हणा आणि घोषणा एकमेकांशी बोलत नव्हते. डॉक्टरांच्या लग्नात फोटो काढायचं काम मेव्हण्याकडे होतं, आणि घोषणाच्या एकूण एक फोटोत मान होती, डोकं नव्हतं. तेव्हापासून दोघांत अबोला. लग्नं दोघांनीही केली नव्हती. घोषणाचं म्हणणं, बिनडोक फोटो बघून कोणतं स्थळ पुढे येणार? मेव्हणा काहीच म्हणत नसे.

"वन्सं, माझ्यासाठी," असं बाईंनी म्हटलं म्हणून ती मागच्या सीटवर बसली. "दादा, पुढच्यांना सांग, ढेंग जपून टाका."

"भावोजी, मागच्यांना सांगा, डोळे तिकडे करा."

चाचणीला पाण्याच्या टाकीचा रस्ता निवडला होता. एका बाजूनं चढ, पलीकडे लांबलचक उतार. दोघांमध्ये हातभराचं अंतर, पण निरोप्या लागणारच, म्हणून डॉक्टर आपल्या सायकलवर शेजारून निघाले.

"दादा, त्यांना सांग, पाय नुसते ठेवू नका, थोडे मारा!"

"अरे, ती म्हणते पाय मार!"

"भावोजी, तिला सांगा, चढ तिच्या वाटणीचा आहे!"

"अगं, तो म्हणतो..." इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करताना डॉक्टरांचं तोंड सतत बाजूला होतं. उतार लागला आणि समोर गाद्यांचा टेम्पो उभा होता. डॉक्टर सायकलसकट दोन गाद्यांच्या मधे शिरले. बाहेर राहिले ते बूट.

गादीवाला धावत आला, बुटांकडे बघत म्हणाला, "साहेब, असं शिरून कळत नाही. आडवं होऊन बघा. सिंगल हवी की डबल?"

जोडसायकल मात्र थांबली नाही. निरोप्या गळाला, उतार सुरू झाला, आणि मागच्या सीटवर डोळे मिटलेल्या घोषणाला ब्रेक तर हवा होता, पण मोडायचा नव्हता अबोला. तिनं स्टेशनवरचा आवाज लावला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं! पुढच्या सीटवरच्या प्रवाशांनी त्वरित ब्रेक लावावा!"

रस्त्यावरची माणसं आपसूक फुटपाथवर चढली. दोघं जण सामान उचलून उभे राहिले.

"लावलाय!" मेव्हणा ओरडला. "लागत नाही!"

"पुढच्या प्रवाशांनी मागच्या प्रवाशांशी थेट बोलू नये!"

"आता कसले नियम? धरा मला, घट्ट!"

उताराच्या तळाशी मोटारी धुण्याचं यंत्र होतं. जोडसायकल सरळ त्यात घुसली. यंत्रानं कोणताही भेदभाव न करता फेस लावला, दोन्ही बाजूंनी ब्रश फिरवले, गार पाण्यानं विसळलं आणि गरम हवेत सुकवून पलीकडे काढून दिलं. मेव्हण्याची टोपी आत राहिली. घोषणानं डोळे उघडले. कानातला फेस काढत तिनं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला सरळ विचारलं, "माझं डोकं का कापलंत?"

मेव्हण्यानं शर्ट पिळला. "ते असं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही."

"मग बसा. मी ऐकतेय."

डॉक्टरांचा हात मुरगळला होता. तो गळ्यात बांधूनच त्यांनी पुढची बैठक बोलावली. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. "सरावाला गेले असतील," बाई म्हणाल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही खुर्च्या रिकाम्याच.

"शिस्त नाही," कर्नल म्हणाले. "रस्त्यावर मतदान घ्यायचं तर पाचही जण पाहिजेत."

"अहो, दोघंही घरात नाहीत, कामावर नाहीत," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी बरोबर जायचं म्हटलं, आणि होती ती माणसंही पांगली. नकोच ती सहल. उतरवा तो नकाशा."

डॉक्टरांना फार वाईट वाटलं. त्यांनी शाबूत हात तिच्या खांद्यावर ठेवला, तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा केला. पलीकडे नुसती घूं घूं चालली होती.

"दादा, मी बोलतेय. आम्ही पोचलो."

"कुठे?"

"समुद्रावर. पलीकडच्या."

कर्नल टाचणी तोंडात धरून तसेच उभे राहिले.

"अगं, कुठल्या रस्त्यानं गेलात?" डॉक्टर ओरडले. "उत्तरेचा? की कालव्याचा? वारा कसा होता?"

"रस्ता कोण बघतंय? आम्ही भांडत होतो. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. भांडता भांडता डोंगर गेला, एक नदी गेली. हे म्हणतात, मान इतकी छान होती की कॅमेरा वर सरकायलाच तयार नव्हता. आता मला सांग, आधी म्हणायला काय झालं होतं? त्यावर भांडत होतो, तर पुढचं चाक पाण्यात!"

"मग मिटलं का भांडण?" बाईंनी विचारलं.

"कुठलं मिटतंय, वहिनी! अजून निम्मं बाकी आहे. म्हणून आम्ही लग्न करायचं ठरवलंय."

मग मेव्हणा फोनवर आला. "भावोजी, रागावला नाहीत ना? आता तुम्ही माझे मेव्हणे झालात."

"अरे, मी आधीच तुझ्या बहिणीचा नवरा आहे!"

"तेव्हा मी तुमचा मेव्हणा होतो. आता तुम्हीसुद्धा माझे."

डॉक्टर खुर्चीत बसले. कोण कोणाचा कोण, हे त्यांनी बोटांवर जुळवायला घेतलं, पण एक हात गळ्यात असल्यानं बोटं पुरेनात. बाई मात्र कधीच उठल्या होत्या. त्यांनी सायकल दारात आणली, दोन्ही चाकं दाबून बघितली.

"अगं, कुठे?"

"लग्नाला. माझ्या भावाच्या आणि तुमच्या बहिणीच्या लग्नाला आपण नको का? सगळे एकाच दिशेला चाललेत, मीच काय ती घरात राहिलेय."

डॉक्टर निघाले, एका हातानं सायकल सावरत. कर्नलही निघाले, कारण लग्नात मिशीवाला माणूस असला की शोभा येते, असं त्यांचं मत होतं. तिघं ओळीनं गल्ली ओलांडून पहिल्या चौकात आले. डॉक्टर म्हणाले, "डावीकडे." कर्नल म्हणाले, "उजवीकडे." दोघंही पाय टेकून उभे राहिले आणि कर्नलनी खिशातून टाचणी काढली.

कोपऱ्यावरच्या फळवालीला बाईंनी विचारलं, "मावशी, समुद्र कुठल्या बाजूला?"

"कुठलाही चालेल?"

"मागच्या आठवड्यात एक जोडपं जोडसायकलवरून भांडत गेलं ना, ते ज्याच्याकडे गेलं तो."

"ते होय!" फळवाली सफरचंद पुसत म्हणाली. "ते त्याच्याही आधी गेले, आणि दोन्ही बाजूंनी गेले. आधी डावीकडे. मग परत आले, उजवीकडे गेले. कुणाचं बरोबर यावरून इथं तासभर भांडत होते."