दुःख मफी!

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे जपानी लेखक एकदा सकाळी दारात आले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "रझियासान, मेहेरबानी करा, आज जेवण पाठवू नका. आज मला दुःखी व्हायचंय."

मी गॅसवर बांगड्याचं तिखलं ठेवून आले होते. दुःखी व्हायला कुणी शेजाऱ्यांची परवानगी मागतं, हे मी तरी पहिल्यांदाच ऐकत होते. म्हटलं, "व्हा की खुशाल! पण दुपारी पोटात काय घालणार?"

"काही नाही. उपाशी असलं की बरं लिहिता येतं."

"तौबा!" म्हटलं आणि दुपारी ताट पाठवलंच. संध्याकाळी ते आले तेव्हा चेहरा साफ पडलेला. "बांगडा फार छान होता," म्हणाले आणि खोल उसासा टाकला. "दुःख मफी!"

मफी म्हणजे इकडच्या बोलीत 'नाही, शिल्लक नाही'. दुकानात दूध मफी, ऑफिसात लीव्ह मफी, तसं ह्यांचं दुःख मफी. बहरीनमध्ये आल्यावर पहिल्या आठवड्यातच त्यांनी हा शब्द उचलला, आणि तो दिवसातून दहादा वापरायची वेळ आम्ही त्यांच्यावर आणली. बाकी आमची बोली म्हणजे हिंदी, इंग्रजी आणि बाजारातलं अरबी यांचा खिचडा. तो सगळा इथे देत बसत नाही, सरळ मराठीत सांगते.

त्यांचं आडनाव इवाहाशी. आम्हा कोकणातल्या मुसलमानांना पुरुषाच्या नावापुढे भाई लावल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून ते इवाभाई झाले. साठीचे, बारीक, पांढऱ्या केसांचे. त्यांच्या दुसऱ्या बायको, केइकोबाई, जहाजं दुरुस्त करतात तिथे इंजिनीअर. इवाभाई त्यांच्या व्हिसावर आलेले. आमच्या ह्यांना, म्हणजे इक्बालना, या गोष्टीचं फार अप्रूप. "बघ, जपानमध्ये नवरे घरी बसून गोष्टी लिहितात," असं ते मला ऐकवायचे. "तुम्ही आधी वाण्याची यादी लिहा, मग बघू," मी म्हणायचे.

इवाभाईंची पुस्तकं जपानात नावाजलेली. सगळी रडवी. समोरच्या फ्लॅटमधली फिलोमिना वसईची, इथे हॉस्पिटलात नर्स आहे. तिने एकाचं इंग्रजी भाषांतर मिळवून वाचलं आणि तरातरा माझ्याकडे आली. "काय गो रझिया, पहिल्या पानावर कुत्रा मरतो, शेवटच्या पानावर मालक, आणि मधे नुसता पाऊस! ह्या माणसाला नीट जेवायला घातलं पाहिजे."

इवाभाई बहरीनला आले तेच मुळी एकटेपणा मिळेल म्हणून. नकाशात बघितलं, एवढंसं बेट, भोवती समुद्र, वाटलं इथे माणूस छान एकटा पडेल. आणि घर घेतलं कुठे, तर उम्म अल हस्सममध्ये, आमच्या बिल्डिंगीत! इथे लिफ्टमध्ये कुणी खोकलं तरी तीन घरांतून काढा येतो.

सगळा घोळ झाला तो ताटापायी. मी पहिल्यांदा त्यांना घावणे आणि मटण पाठवलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी माझं ताट परत आलं ते लख्ख घासून, पुसून, सुंदर फडक्यात गाठ मारून बांधलेलं. आणि आत काही नाही. मला काही वाटलं नाही हो, परदेशी माणूस. पण फिलोमिना तिथेच उभी होती. "इवाभाई, शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वाईट दिसतं!" ते काहीतरी सांगायला गेले, "आमच्याकडे मात्र," एवढं बोललेही, पण फिलोमिनापुढे कुणाचं चालतं? गोरेमोरे होऊन ताट घेऊन परत वर गेले आणि दहा मिनिटांनी खाली आले. ताटात मधोमध एक कांदा. घरात तेवढाच होता. दोन्ही हातांनी, मान झुकवून त्यांनी तो मला दिला.

त्या दिवसापासून बिचाऱ्याचं लिहिणं बसलं. मी ताट पाठवायची, ते भरून परत करायला इवाभाई रांधायला बसायचे. फिलोमिनाच्या घरून रविवारी विंदालू जायचं, त्याच्या बदल्यात वेगळं. खालचं मल्याळी कुटुंबही कुठे मागे राहणार! इवाभाई भाताचे गोळे करायचे, मुळ्याचं लोणचं घालायचे, पुढे माझ्याकडून घावणेसुद्धा शिकले. केइकोबाई कामावरून आल्या की विचारायच्या, "आज किती लिहिलं?" आणि हे मान खाली घालून सांगायचे, "चौदा घावणे."

तोक्योहून त्यांच्या संपादकाचा फोन यायचा. इवाभाई फोनवर बोलतानाही वाकायचे, एका हातात कालथा. संपादक म्हणे ओरडायचा, कादंबरी कुठे आहे? मग एकदा त्यांनी जिद्दीने ठरवलं, की उदास होऊनच यायचं. इक्बाल कामाला सित्राला जातात. त्यांच्या गाडीतून हे वाटेत मआमीर गावात उतरले. तिथे कारखान्यांच्या चिमण्या, धूर, रखरखाट. एका भिंतीच्या सावलीत तोंड पाडून बसले. तर समोरच्या घरातले म्हातारे बाहेर आले. त्यांना वाटलं माणसाला चक्कर आली. आत नेलं, कहवा पाजला, खजूर चारले, नातवंडांशी ओळख करून दिली आणि निघताना हातात ताज्या मासळीची पिशवी दिली. संध्याकाळी इवाभाई आमच्या दारात हजर, हातात पिशवी, डोळ्यांत हताश भाव. "रझियासान, मआमीरमध्ये पण मफी!"

मी हसून हसून बेजार. मासळी साफ करता करता सहज विचारलं, "पण इवाभाई, असं आहे तरी काय त्या कादंबरीत?"

ते शांतपणे म्हणाले, "माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही. त्यावर आहे."

मी सुरी खाली ठेवली. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे लेखक स्वतःचं आयुष्यच पुस्तकात घालतात. पहिली बायको सोडून गेली, त्याची त्यांनी कादंबरी केली. त्यात मुलगीही होती, तिचं रडणं होतं, आईला लिहिलेले तिचे शब्द होते. पुस्तकाला बक्षीस मिळालं. मुलगी हारुका तेव्हा कॉलेजात, ते वाचून घर सोडून गेली ती गेलीच. आता संपादकाला पुढचा भाग हवा होता, मुलगी गेल्याचा.

माझं डोकंच फिरलं. "एका पुस्तकाने पोर गेली आणि तुम्ही दुसरं लिहिताय? तिने हे वाचलं तर आयुष्यात तोंड बघेल का तुमचं? अहो, मुलगी बोलत नसेल तर फोन करायचा, कादंबरी कसली करता!"

"फोनवर काय बोलू?" ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "मला कागदावर सुचतं. फोनवर सुचत नाही."

मी मासळी तशीच टाकली, हात धुतले आणि तडक त्यांच्या घरी वर गेले. तो लिहायचा कागद फाडूनच टाकणार होते मी, खोटं कशाला बोलू! पण टेबलावर कागद कोरेच होते. शेजारी एक लहान मुलीचा जेवणाचा डबा होता, झाकणावर पुसट झालेला ससा. त्यात पेन्सिली.

"हा तिचा," मागून आलेले इवाभाई म्हणाले. "मी घरी असायचो ना, शाळेचा डबा रोज मीच भरायचो. जाताना तिने नेला नाही."

"डबा तिचा, आणि तुम्ही त्यात पेन्सिली ठेवता? परत करा तिला! आणि आमच्या बिल्डिंगीतून भांडं रिकामं जात नाही, माहीत आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पेन्सिली काढून टेबलावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी इक्बालनी त्यांना बाजारात नेलं. टिकाऊ म्हणून बहरीनचा हलवा घेतला, केशर-वेलचीचा. डब्यात भरला, तिच्या पत्त्यावर पार्सल केलं. चिठ्ठी घालायची की नाही यावर फार वेळ गेला. शेवटी इवाभाई म्हणाले, "माझे शब्द नकोत. शब्दांनीच सगळं झालं."

मग सुरू झालं वाट बघणं. बिल्डिंगीत सगळ्यांना ठाऊक झालेलं. लिफ्टमध्ये भेटेल तो विचारायचा, "काही आलं?" इवाभाई मान हलवायचे, "मफी." आणि पहिल्यांदाच तो माणूस खरोखर दुःखी दिसत होता. आता लिहायला हरकत नव्हती, पण ते कागदाला शिवले नाहीत. मी पाठवलेलं ताटसुद्धा अर्धं परत यायला लागलं.

एका शुक्रवारी बेल वाजली. दारात इवाभाई, हातात पार्सल, मागे केइकोबाई. "तुमच्यासमोर उघडतो," म्हणाले. फिलोमिनाही धावत आली. कागद काढला. आत फडक्यात गाठ मारून बांधलेला तोच सशाचा डबा. इवाभाईंनी झाकण काढलं.

डबा रिकामा होता. घासलेला, पुसलेला, लख्ख. चिठ्ठी नाही, काही नाही.

फिलोमिनाने छातीवर क्रूस काढला. मला वाटलं, ही काय दुर्बुद्धी झाली मला, कशाला पाठवायला लावलं! म्हटलं, "जाऊ दे हो इवाभाई, तिला काय आपल्या रीती माहीत..."

पण इवाभाईंनी डबा नाकाशी धरला होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि माणूस हसत होता.

"रझियासान, लहानपणी ती डबा खायची नाही. अर्धा परत आणायची. पण ज्या दिवशी आवडायचं, त्या दिवशी सगळा खायची. मग स्वतः घासायची, पुसायची, असाच फडक्यात बांधायची आणि माझ्या टेबलावर ठेवून जायची. बोलायची नाही काही. मी ओळखायचो." त्यांनी डबा उलटा करून दाखवला. "बघा, कणसुद्धा नाही! सगळा खाल्ला तिने!"

केइकोबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इक्बाल उगाच खिडकीपाशी जाऊन बाहेर बघायला लागले. मी मात्र विचारलंच, "आणि ते पुस्तक?"

"खलास."

"आणि दुःख?"

"मफी, रझियासान, मफी!" असं म्हणून त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. "आता यात काय भरायचं?"

मी ओढणी खोचली, नारळ फोडला आणि त्यांनाच खोवायला बसवलं. भाई खोवतायत आणि रडतायत, रडतायत आणि खोवतायत, टपटप खोबऱ्यात पडायला लागलं. शेवटी मला ओरडावंच लागलं, "अहो इवाभाई, तोंड जरा तिकडे करा, मुलीसाठी गोड वड्या करायच्यात!"