प्रत्येक पान बिनचूक

घाटगे सरांनी गंगावेशीतल्या दूधवाल्याला एकदा धार काढण्याआधी भांडं पालथं करून दाखवायला लावलं. म्हैस समोर उभी, धारही समोरच निघणार, तरी सरांचा प्रश्न, "भांडं रिकामं आहे, हे कशावरून?" दूधवाल्यानं भांडं पालथं केलं आणि शांतपणे विचारलं, "म्हस बी पालथी करू काय, सर?" सरांनी क्षणभर विचार केला. "त्याची आवश्यकता नाही," म्हणाले.

सर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. 'कशावरून' हा शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखा कायम असे. लग्नाला बोलावलं तरी कशावरून, वारल्याचं कळवलं तरी कशावरून. त्यामुळे पेठेतले लोक त्यांना फारसं काही सांगायच्या भानगडीत पडत नसत.

सत्तरच्या दशकात मंगळवार पेठेत माझा छोटा छापखाना होता. सरांचं पुस्तक माझ्याकडे छपाईला आलं. त्यांना मोतीबिंदू झालेला, म्हणून प्रुफं त्यांच्या पत्नी वाचायच्या. काकू सातवी शिकलेल्या. स्वयंपाक आटोपून त्या मोठ्यानं वाचत आणि सर डोळे मिटून ऐकत. पान संपलं की काकू कोपऱ्यात 'बिनचूक' असं लिहून सही करत.

एकदा मी प्रुफं न्यायला गेलो, तेव्हा म्हणाल्या, "मला त्यातलं काय समजत न्हाय. पण बरं वाटतं. एरवी ह्यांचं बोलणं कॉलेजातच संपून येतं."

सगळी पानं छापून झाली. राहिली प्रस्तावना; ती शेवटीच जुळवायची पद्धत. शिशाचे खिळे जुळवणारे आमचे कंपोझिटर दस्तगीरमामा सरांना म्हणाले, "एक वळ टाकूया की. चुका ऱ्हायल्या असतील तर वाचकांनी माफी करावी म्हणून."

"पहिलं पान बिनचूक आहे?" सरांनी विचारलं.

"हाय."

"दुसरं?"

"हाय की."

दहाव्या पानावर मी चहा मागवला.

"प्रत्येक पान बिनचूक, तर पुस्तकात चूक येईल कुठून?"

"ते काय ठावं न्हाय," मामा म्हणाले. "तीस वर्सं खिळं जुळवतोय. पान बिनचूक असतंय, पुस्तक नसतंय."

"ही सवय झाली, विचार नव्हे," सर म्हणाले. ओळ टाकली नाही.

आठवड्यानं, प्रस्तावना छापायच्या आधी, सर एकटेच आले. छापलेली पानं त्यांनी भिंग लावून वाचली होती. एका वाक्यावर बोट ठेवलं. मूळ वाक्य होतं, 'यावरून निष्कर्ष सिद्ध होत नाही.' छापलं होतं, 'सिद्ध होतो.' पानाचा अर्थच उलटा झालेला. मी जुनं प्रूफ काढलं. चूक तिथंही होती, आणि कोपऱ्यात काकूंची सही.

"शुद्धिपत्र जोडू," मी म्हणालो. "पान अमुक, ओळ अमुक."

"नको. घरी ती पुस्तक उघडून आधी तेच बघेल." सरांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. "मुलांना मी वर्गात सांगेन. तुम्ही मामांची ती ओळ टाका. खाली माझं नाव."

मामांनी खिळ्यांवरून मान वर केली. "पान कुठलं चुकलं, सर?"

"प्रत्येक पान बिनचूक आहे," सर म्हणाले. "चूक पुस्तकात आहे."

 मामा ओळ जुळवायला लागले आणि सर ती पुरी होईपर्यंत शेजारी उभे राहिले.