इचारून सांगतो

समोरच्या अप्पा वानखड्यांना काहीही विचारा. मासळी बाजारातून कोथिंबीर आणू का, पंखा जोरात करू का, उद्या पाऊस येईल का. उत्तर एकच: "इचारून सांगतो." आणि ते खरंच विचारून येतात.

मी बँकेत. पुण्याहून कलकत्त्याला बदली झाली, बालीगंजला फ्लॅट मिळाला आणि समोरच्या दाराशेजारी चक्क मराठी पाटी दिसली. मला इतका आनंद झाला की सामान लिफ्टमध्ये तसंच ठेवून मी आधी पाटी वाचत उभी राहिले. 'अप्पा वानखडे, पूर्व भारत प्रतिनिधी', आणि खाली वऱ्हाडातल्या संत्रा बागायतदारांच्या एका संघटनेचं लांबलचक नाव. पाटी एवढी मोठी की बेल कुठे आहे ते शोधावं लागलं.

अप्पा मूळचे संत्र्याच्या मुलखातले. रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी करता करता इकडे आले, इथेच निवृत्त झाले. मूलबाळ नाही, आणि काकूही इथेच गेल्या. आपल्याकडची संत्री बांगलादेशात जातात ती या बाजूनं, म्हणून संघटनेला कलकत्त्यात कुणीतरी हवं होतं. पगार नाही, पण पाटी मिळेल. बैठकीला जायचं, टाळ्या वाजवायच्या, फोटोत मागच्या रांगेत उभं राहायचं, एवढीच संघटनेची अपेक्षा होती. घोटाळा असा झाला की अप्पांनी 'प्रतिनिधी' हा शब्द मनावर घेतला.

रोज सकाळी ते गॅलरीत खुर्ची टाकून गावाकडच्या बागायतदारांना फोन लावत. स्पीकर चालू, आवाज टिपेला. "काय नामदेव, बाग काय म्हन्ते?" नामदेव हा त्यांचा सगळ्यात लाडका बागायतदार. बोलणं संत्र्याच्या भावापासून निघायचं, मग फुलोरा, मग गाय, मग नामदेवच्या पोरीची परीक्षा. खालच्या मजल्यावरच्या घोषबाबूंना मराठीचं एक अक्षर येत नाही, पण नामदेवची गाय व्याल्याची बातमी मला त्यांच्याकडूनच कळली.

एकदा आमच्या सोसायटीच्या सभेला मजल्याचा माणूस म्हणून आम्ही अप्पांना पाठवलं, कारण बाकी कुणाला वेळ नव्हता. प्रश्न एवढाच होता की फाटकावरचा दिवा पांढरा लावायचा की पिवळा. अप्पा सभा तशीच सोडून वर आले आणि प्रत्येक घराची बेल वाजवून मत विचारत सुटले. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मालतीदीलाही त्यांनी विचारलं, कारण रोज अंधारात त्या फाटकातून ती जाते. ती पिवळा म्हणाली. खाली सेक्रेटरीबाबू ताटकळत बसले होते. दिवा पिवळा लागला, पण पुढच्या सभेचं बोलावणं काही अप्पांना आलं नाही.

आणि मग संत्र्याच्या निर्यातीवरची मोठी बैठक आली. बड्या हॉटेलात, सरकारी अधिकारी, निर्यातदार, बँकवाले सगळे येणार. आमच्या बँकेतर्फे मला पाठवत होते, त्यामुळे मी तर चार दिवस आधीपासून कोणती साडी नेसायची ते ठरवत होते. संघटनेचे अध्यक्ष नागपूरहून विमानानं आले. संत्र्यावर सीमेपलीकडे जो कर बसतो त्यातला वाटा सरकारनं उचलावा, ही मागणी ते मांडणार आणि शेतकऱ्यांच्या वतीनं अप्पा अनुमोदन देणार.

आदल्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. त्याचा मजकूर अप्पांनीच मला सांगितला. "फक्त अनुमोदन म्हनायचं, एवढंच. काही आगाऊपना केला तर पाटी काढून घेऊ म्हन्तात." मग त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "पाटी गेली तर सकाळी त्या लोकायले कोन्या नात्यानं फोन करू, ताई? मी त्यायचा कोन?"

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचं हिंदीतलं भाषण झकास झालं. 'आम्ही शेतकरी' हे शब्द त्यात इतक्यांदा आले की माझ्या शेजारच्या अधिकाऱ्यानं डोळे पुसले. मग अप्पांचं नाव पुकारलं. ते उठले, माइकपाशी गेले, घसा खाकरला आणि म्हणाले, "इचारून सांगतो."

मराठी कळणारे आधी हसले, त्यांचं बघून बाकीचं सभागृह हसलं. सगळ्यांना वाटलं, म्हातारा विनोदी दिसतोय. तोवर अप्पांनी खिशातून फोन काढून माइकला लावलाही होता. मी खुर्चीच्या कडेवर आले. जणू अनुमोदन मलाच द्यायचं होतं.

अप्पांनी मागणी सांगितली आणि पलीकडून नामदेवचा आवाज घुमला. "अप्पा, माया बागेतला माल तर फुलोऱ्यातच व्यापाऱ्याले इकून टाकला ना. आता ते सरकारी मदत माया घरी कोन्या वाटेनं येनार? त्यापेक्षा बारीक फळ कोनी घेत नाही, त्याचं बोला म्हना." मागे गाय हंबरली. अप्पांनी लगेच दुसऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "द्या बिनधास्त अनुमोदन. माल बाहेर गेला तर पुढच्या साली व्यापारी भाव तरी बरा देईल."

अप्पांचा चेहरा उजळला. "दोघायची दोन मतं आहेत," त्यांनी अख्ख्या सभेला आनंदानं सांगितलं. "अजून इचारतो."

तिसरा नंबर लागायच्या आत अध्यक्षांनी माइक काढून घेतला. खरं सांगते, मला त्या क्षणी उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अध्यक्ष अगदीच खोटं बोलत होते असंही नाही. संघटनेला एकच आवाज लागतो. पण तो नेमका कुणाचा, हे विचारायचं तेवढं त्यांचं राहून गेलं होतं.

पाटी अप्पांनी स्वतःच काढली. भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा चौकोन उरला आणि सकाळी गॅलरी गप्प झाली. एके दिवशी घोषबाबू जिन्यात थांबून काळजीनं विचारायला लागले, "गोरुटा भालो आछे तो?" गाय बरी आहे ना?

त्या रविवारी मी चहा घेऊन समोर गेले. अप्पा गॅलरीतच होते, मांडीवर फोन, हात त्यावर. तेवढ्यात तो वाजला. सवयीनं त्यांनी स्पीकर लावला.

"अप्पा, फोन काऊन नाही केला?" नामदेव होता.

"आता मी कोनी नाही रे तुमचा. पाटी गेली."

"कायची पाटी?" नामदेवला काही कळलंच नाही. "बरं ते राहू द्या. पोट्टीले पाहुने पाहून गेले. पोरगा बरा वाटते. हो का नाही, सांगा म्हनत होते. मी म्हनलो, आमचा मानूस कलकत्त्याले राह्यते, त्याले इचारून सांगतो."

अप्पांनी चष्मा काढला. खाली ट्रामची घंटा वाजून गेली. पलीकडून नामदेव हॅलो, हॅलो करत होता.

"पोट्टीले इचारलं काय?" अप्पांनी शेवटी विचारलं.

"नाही ना अजून."

"मंग आधी तिले इचार," अप्पा म्हणाले, "अन् मले सांग. मी इथंच बसलो आहो."